मैदानावर ब्लॅक खेळाडू इतके, मग ब्लॅक रेफरीला त्रास कसला? 17 सीझन शिट्टी वाजवून जे कळलं ते

प्रश्न असा आलाय की एनबीए (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) आणि एनएफएल (अमेरिकन फुटबॉलची लीग) बघताना निम्म्याहून जास्त खेळाडू ब्लॅक दिसतात, मग ब्लॅक रेफरी आणि अंपायर लोकांवर वंशभेद होतो असं जे म्हणतात ते नेमकं काय असतं, प्रेक्षकांच्या शिव्या एवढंच की अजून काही? हा प्रश्न मला स्वतःलाही पहिली तीन-चार वर्षं पडायचा, म्हणून जरा सविस्तर लिहितो, लांबलं तर समजून घ्या.

मी मूळचा साताऱ्याचा, शाळेत असल्यापासून बास्केटबॉल खेळायचो, नोकरीनिमित्त न्यू जर्सीत आलो आणि इथे हायस्कूल बास्केटबॉलचा रेफरी झालो. परीक्षा दिली, पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट घेतला, आणि गेले 17 सीझन डिसेंबर ते मार्च आठवड्यातून तीन-चार संध्याकाळी कुठल्या ना कुठल्या जिममध्ये शिट्टी वाजवतोय. त्यातले शेवटचे काही सीझन आमच्या लोकल संघटनेच्या कमिटीवरही होतो, त्यामुळे कोणाला कुठली मॅच मिळते आणि ती का मिळते हे आतून बघायला मिळालं. मी लिहितोय ते या अनुभवावरून आणि थोडं वाचनातून.

आधी शिव्यांचं सांगतो कारण सगळे तिथूनच सुरुवात करतात. शिव्या सगळ्या रेफरींना बसतात. मला बसतात, गोऱ्यांना बसतात, ब्लॅक रेफरीला बसतात तेव्हा त्यात कधीकधी रंगाचा उल्लेख येतो आणि तो घाणेरडाच असतो, त्याला कमी लेखायचं नाही. पण तुम्ही एखाद्या वीस-पंचवीस वर्षं काम केलेल्या ब्लॅक रेफरीला शांतपणे विचारलंत ना की तुला सगळ्यात जास्त काय लागलं, तर तो गॅलरीतल्या माणसाबद्दल बोलत नाही. तो मॅचेसबद्दल बोलतो. कुठल्या मॅचेस मिळाल्या, कुठल्या मिळाल्या नाहीत, आणि फोन कोणाला गेला. सगळा खेळ तिथे आहे.

आता खेळाडू इतके आणि रेफरी कमी असं का, याचं उत्तर दोन तारखा शेजारी ठेवल्या की दिसायला लागतं. बेसबॉलच्या मेजर लीगमध्ये आधुनिक काळातला पहिला ब्लॅक खेळाडू, जॅकी रॉबिन्सन, आला 1947 मध्ये. पहिला ब्लॅक अंपायर एमेट ॲशफर्ड, तो आला 1966 मध्ये. मधे 19 वर्षं. एनएफएलमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर ब्लॅक खेळाडू परत घेतले 1946 मध्ये आणि पहिला ब्लॅक अधिकारी, म्हणजे मैदानावरचा पंच, बर्ल टोलर आला 1965 मध्ये. परत 19 वर्षं. दोन वेगळे खेळ, वेगळे मालक, वेगळी शहरं, आणि अंतर सारखंच. बास्केटबॉलमध्येही फार वेगळं नाही, एनबीएत पहिला ब्लॅक खेळाडू अर्ल लॉइड खेळला 1950 मध्ये आणि ब्लॅक रेफरी केन हडसन पूर्णवेळ झाला 1968 मध्ये.

मला वाटतं याचं कारण अगदी साधं आहे. चांगला खेळाडू मॅच जिंकून देतो, तिकिटं खपवतो, त्याला बाहेर ठेवलं तर मालकाचं नुकसान होतं, त्यामुळे कधी ना कधी दार उघडावं लागतं. रेफरीचं तसं नाही. ब्लॅक रेफरी न घेतल्यामुळे कुठल्याच मालकाचा एक डॉलरही बुडत नाही. आणि रेफरी काय करतो तर हुकूम देतो. गोऱ्या मॅनेजरला तो हात करून मैदानाबाहेर काढू शकतो, आणि तो मॅनेजर तोंडातोंड लावून ओरडला तरी शेवटचा शब्द याचाच. ब्लॅक माणूस पळतोय, उडी मारतोय, बॉल फेकतोय हे 1947 नंतर हळूहळू लोकांच्या पचनी पडलं, पण ब्लॅक माणूस निकाल देतोय आणि सगळ्यांनी तो ऐकायचा, हे पचायला खूप जास्त वेळ लागला आणि वरच्या जागांवर अजूनही लागतोय. मी तुमच्या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात द्यायचं झालं तर हेच देईन.

ॲशफर्डची गोष्ट मी नवीन रेफरींना नेहमी सांगतो. लॉस एंजेलिसचा माणूस, पोस्टात नोकरी, सुट्ट्या काढून अंपायरिंग करायचा. 1951 मध्ये त्याला मायनर लीगमध्ये, म्हणजे खालच्या पातळीच्या लीगमध्ये, काम मिळालं आणि मेजर लीगमध्ये पोचायला त्याला पुढची 15 वर्षं लागली. पॅसिफिक कोस्ट लीगमध्ये तो इतका लोकप्रिय होता की लोक त्याला बघायला यायचे, धावत जाऊन बेसवर पोचायचा, हात झटकून असा जोरात आऊट द्यायचा की शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कळावं. तिथे तो मुख्य अंपायरही झाला. एवढं करून बोलावणं आलं तेव्हा वय 51. अमेरिकन लीगमध्ये (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एक, दुसरा नॅशनल लीग) अंपायरला 55 ला निवृत्त करायचे, म्हणजे दार उघडलं ते बंद व्हायच्या वेळेला. 11 एप्रिल 1966, वॉशिंग्टनमध्ये सीझनची पहिली मॅच, उपराष्ट्राध्यक्ष हंफ्री पहिला बॉल टाकायला येणार म्हणून सुरक्षा कडक, आणि गेटवरच्या सुरक्षा अधिकाऱ्याने ॲशफर्डलाच अडवलं, कारण मेजर लीगमध्ये ब्लॅक अंपायर नसतो हे त्या माणसाला पक्कं माहीत होतं. ॲशफर्ड त्याला म्हणाला की मला आत सोडलंत तर आजपासून एक असेल.

त्याला पाच सीझन मिळाले. 1970 ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगची फायनल, हे त्याचं शेवटचं मोठं काम. तिथे सहा अंपायर असतात आणि होम प्लेटच्या मागे, म्हणजे बॉल-स्ट्राइक ठरवायच्या जागी, आळीपाळीने उभे राहतात. त्याचा नंबर सहाव्या मॅचला होता आणि सिरीज पाच मॅचमध्येच संपली. हा योगायोग होता, यात कोणाचा दोष नाही, पण पुढे काय झालं बघा, वर्ल्ड सिरीजमध्ये प्लेटमागे ब्लॅक अंपायर उभा राहायला 1993 उजाडलं, चार्ली विल्यम्स, टोरांटो विरुद्ध फिलाडेल्फियाची ती 15-14 वाली मॅच. आणि क्रू चीफ, म्हणजे चार अंपायरांच्या टीमचा कायमचा प्रमुख, पहिला ब्लॅक माणूस झाला तो कर्विन डॅनली, 2020 मध्ये. ॲशफर्डनंतर 54 वर्षं. मेजर लीगमध्ये 76 पूर्णवेळ अंपायर असतात, चार-चारच्या 19 टीम, म्हणजे प्रमुखाच्या 19 जागा. 2020 च्या आधी एवढ्या वर्षांत तिथे एकही ब्लॅक माणूस कायमचा बसला नाही. हे वाचून मला अजूनही वाईट वाटतं.

मधल्या काळातल्या आर्ट विल्यम्सबद्दल फार कोणी बोलत नाही. नॅशनल लीगचा पहिला ब्लॅक अंपायर, 1972 मध्ये आला, 1977 च्या सीझननंतर त्याला काढलं. त्याने समान रोजगार आयोगाकडे तक्रार केली. पोटासाठी बस चालवत होता. 1979 मध्ये तो वारला, वय 44.

अमेरिकन फुटबॉलकडे येतो. बर्ल टोलर 1951 च्या सॅन फ्रान्सिस्को युनिव्हर्सिटीच्या टीममध्ये होता, ती टीम त्या वर्षी एकही मॅच हरली नाही, आणि त्यांना बोल गेमला, म्हणजे सीझननंतरच्या निमंत्रितांच्या मोठ्या मॅचला, बोलवायची अट अशी की दोन ब्लॅक खेळाडू, टोलर आणि ऑली मॅटसन, यांना घरी ठेवून या. पोरांनी नकार दिला आणि कोणीच गेलं नाही. पुढे टोलरचा गुडघा गेला, खेळणं संपलं, तो शिक्षक झाला, मग सॅन फ्रान्सिस्कोत मुख्याध्यापक झाला, आणि शनिवार-रविवार अधिकारी म्हणून काम करत करत 1965 मध्ये एनएफएलमध्ये पोचला. 25 सीझन केले. 1980 मध्ये सुपर बोल, म्हणजे एनएफएलची फायनल, मिळालेला पहिला ब्लॅक अधिकारी तोच. पण प्रमुख रेफरीची जागा त्याला कधी मिळाली नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, एनएफएलमध्ये सात जणांची टीम असते, सहा जणांच्या टोप्या काळ्या आणि प्रमुख रेफरीची पांढरी, तोच मायक्रोफोनवर निर्णय सांगतो, सगळा देश त्याचा चेहरा बघतो. ती टोपी पहिल्यांदा ब्लॅक माणसाच्या डोक्यावर आली 1988 मध्ये, जॉनी ग्रिअर. आणि सुपर बोलमध्ये पांढरी टोपी घालणारा पहिला ब्लॅक रेफरी माइक केरी, फेब्रुवारी 2008.

केरीच्या त्या मॅचबद्दल रेफरी म्हणून मला फार आदर आहे. जायंट्स विरुद्ध पेट्रियट्स, शेवटचे दोन मिनिटंसुद्धा नाहीत, जायंट्सचा बॉल फेकणारा ईलाय मॅनिंग, त्याला बचाववाल्यांनी जर्सीला धरून ओढलेलं, जवळजवळ संपलेला प्ले, दहातल्या आठ रेफरींनी तिथे शिट्टी मारली असती. केरी त्याच्या जवळ होता, त्याने बघितलं की मॅनिंग अजून उभा आहे, सुटतोय, आणि शिट्टी वाजवली नाही. मॅनिंग सुटला, बॉल फेकला, त्याच्याच टीमच्या टायरीने तो हेल्मेटला चिकटवून पकडला आणि जायंट्स 17-14 जिंकले. न वाजवलेली शिट्टी हे आमच्या कामातलं सगळ्यात अवघड कौशल्य आहे. फार थोड्यांना जमतं. ते ज्याच्याकडे आहे असे किती ब्लॅक अधिकारी केरीच्या आधी पांढऱ्या टोपीपर्यंत पोचलेच नसतील, हा विचार मला ती क्लिप बघताना दरवेळी येतो. याच केरीने वॉशिंग्टनच्या टीमच्या मॅचेस मला देऊ नका अशी विनंती लीगला केलेली, कारण त्या टीमचं तेव्हाचं नाव मूळ अमेरिकनांना हिणवणारं होतं. 2006 नंतर त्याने त्यांची मॅच केली नाही आणि हे बाहेर कळलं 2014 मध्ये, तो निवृत्त झाल्यावर. आधी एक शब्द बोलला नाही.

टेनिसमध्येही हाच प्रकार. तिथे खुर्चीवर बसणारा अंपायर आणि रेषेवरचा अंपायर यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, पैशात पण आणि मानात पण. सेसिल हॉलिन्स नावाचे एक ब्लॅक अंपायर होते, पेशाने वकील, 1990 च्या दशकात त्यांना गोल्ड बॅज मिळाला, म्हणजे जगातल्या सगळ्यात वरच्या श्रेणीचं सर्टिफिकेट. तरी यूएस ओपनच्या पुरुषांच्या फायनलला खुर्ची कधी मिळाली नाही. 2000 नंतर त्यांनी तक्रार केली, न्यूयॉर्क राज्याच्या ॲटर्नी जनरलने त्यात लक्ष घातलं, कोर्टकचेरी झाली. लायकीचं सर्टिफिकेट द्यायचं आणि फायनल दुसऱ्याला द्यायची, हा पॅटर्न लक्षात ठेवा कारण खालच्या लेव्हलला मी तो डोळ्यांनी बघितलाय.

हायस्कूल लेव्हलला काम कसं चालतं ते सांगतो, कारण बहुतेक ब्लॅक रेफरींचं अख्खं करिअर इथेच जातं आणि इथे टीव्हीचे कॅमेरे नसतात. एक असाइनर असतो, म्हणजे मॅचेस वाटणारा माणूस. तो ठरवतो कोणाला नववीच्या पोरांची मॅच, कोणाला ज्युनियर, कोणाला व्हर्सिटी म्हणजे शाळेची मुख्य टीम. सीझनच्या शेवटी टुर्नामेंट, तिथे कोण जाणार हे बऱ्यापैकी रेटिंगवर ठरतं आणि रेटिंगमध्ये कोचेसचा मोठा हात असतो. आता नियम माहीत आहेत का, जागेवर उभा राहतो का, फिटनेस कसा, हे रकाने मोजता येतात. पण त्याशिवाय काही रकाने असतात, वागणूक, संवाद, मॅचवरचा ताबा. गडबड सगळी या रकान्यांत होते. समजा कोच ओरडतोय आणि मी त्याला टेक्निकल फाउल, म्हणजे गैरवागणुकीचा फाउल, दिला. माझ्या फॉर्मवर येतं की मॅच छान हातात ठेवली. माझा ब्लॅक पार्टनर त्याच कोचला तोच टेक्निकल देतो, माझ्यापेक्षा शांत आवाजात देतो, आणि त्याच्या फॉर्मवर येतं की उर्मट आहे, लवकर चिडतो. कमिटीवर असताना असे फॉर्म मी किती वाचले असतील. एकाही फॉर्मवर रंगाचा शब्द नव्हता. कोणी रागाने लिहिलेले नव्हते, बहुतेक कोच सज्जन होते, मुलांवर जीव लावणारे होते, त्यांना स्वतःला कळत नव्हतं की एकाच्या ठामपणाला आपण ताबा म्हणतोय आणि दुसऱ्याच्या ठामपणाला उर्मटपणा.

दुसरी गोष्ट मॅच वाटपाची. न्यूअर्क, पॅटरसन, कॅमडेन, ट्रेंटन, या शहरांतल्या शाळांत ब्लॅक आणि लॅटिनो मुलं जास्त, तिथे ब्लॅक रेफरी पाठवायचे, कारण ते तिथे चांगले जुळतात. बाहेरच्या श्रीमंत उपनगरांत गोरे रेफरी, कारण तिथल्या कोचना ते ओळखीचे. ऐकायला किती समजूतदार वाटतं. पण वर्षानुवर्षं असं झालं की उपनगरातला कोच त्या ब्लॅक रेफरीला कधी बघतच नाही, बघत नाही तर रेटिंग देत नाही, आणि टुर्नामेंटच्या वेळी असाइनर म्हणतो की याला तर अर्ध्या कोचेसनी रेट केलेलंच नाही.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकते. एक टीम बहुतेक गोरी आणि एक टीम बहुतेक ब्लॅक अशी मॅच असली आणि रेफरी ब्लॅक असला की उपनगरातल्या पालकांत कुजबुज सुरू होते की हा त्यांच्या बाजूने देणार. तोच रेफरी गोरा असला तर तो गोऱ्या टीमच्या बाजूने देईल अशी शंका तिथे कोणाच्या मनात येत नाही. म्हणजे गोऱ्या माणसाचा निःपक्षपातीपणा गृहीत धरलेला आणि ब्लॅक माणसाने तो दर संध्याकाळी नव्याने सिद्ध करायचा. याचा परिणाम म्हणून मी असे ब्लॅक रेफरी बघितलेत जे ब्लॅक मुलांना जरा जास्तच कडक फाउल देतात, केवळ कोणी बोट दाखवू नये म्हणून, आणि घरी जाताना गाडीत त्यांना तेच खातं.

आणि माझं काय? मी भारतीय. या दोन्ही बाजूंपैकी मी कुठलाच वाटत नाही, त्यामुळे मी आपोआप तटस्थ ठरलो. हे मला फुकट मिळालं. ज्या माणसाने मला हे काम शिकवलं, नाव लिहीत नाही, ब्लॅक आहेत, माझ्याहून 12 वर्षांनी सीनियर, आम्ही सगळे त्यांना कोच म्हणतो, त्यांनीच मला सांगितलं कुठे उभं राहायचं, बॉलकडे न बघता बचाव करणाऱ्याच्या पायाकडे कसं बघायचं, चिडलेल्या कोचशी बोलताना हात मागे ठेवायचे. माझ्या सातव्या सीझनला मला राज्याच्या टुर्नामेंटची पुढच्या फेरीची मॅच मिळाली. मी आनंदात त्यांना फोन केला. ते मनापासून खूष झाले, कोणाचा खेळ कसा आहे हे पण सांगितलं, आणि फोन ठेवताना मी सहज विचारलं की कोच तुम्हाला कुठली मिळाली. त्यांना त्या फेरीची कधीच मिळाली नव्हती. 19 सीझन झाले होते त्यांचे. मला त्या रात्री झोप लागली नाही. त्यांच्याहून चांगला मी तेव्हा नव्हतो, आजही नाही. नंतर कमिटीवर गेलो तेव्हा पहिलं काम हे केलं की मागच्या सीझन्सच्या वाटपाचा तक्ता काढला, कोण, किती सीझन, परीक्षेत किती मार्क, आणि कुठली मॅच. तक्ता समोर ठेवल्यावर खोलीत बराच वेळ कोणी बोललं नाही.

सहकाऱ्यांकडून होणारा त्रासही असतो. आमच्याच राज्यात डिसेंबर 2018 मध्ये कुस्तीच्या एका रेफरीने एका ब्लॅक मुलाला केस काप नाहीतर मॅच सोड असं सांगितलं आणि मॅटशेजारीच त्याचे ड्रेडलॉक्स, म्हणजे जटांसारखे वळलेले केस, कापले गेले, तो व्हिडिओ जगभर गेला. त्या गोऱ्या रेफरीने 2016 मध्ये रेफरींच्याच एका खाजगी पार्टीत ब्लॅक सहकाऱ्याला तो सगळ्यात घाणेरडा शब्द वापरला होता. तेव्हा संघटनेने शिक्षा दिली आणि अपिलात ती रद्द झाली. म्हणजे एका ब्लॅक रेफरीने जे सांगितलं होतं ते 2016 मध्ये गांभीर्याने घेतलं असतं तर 2018 चा तो मुलगा तिथे त्या माणसासमोर उभा नसता. मुलाचं प्रकरण झाल्यावर मात्र राज्याच्या नागरी हक्क विभागाने चौकशी केली आणि 2019 मध्ये त्या रेफरीला दोन सीझन बाहेर ठेवलं.

काही जण म्हणतील की हे सगळं मनातलं आहे, पुरावा काय. तर क्षणात दिलेल्या निर्णयात रंग शिरतो हे चांगल्या अभ्यासांत दिसलंय, फक्त ते अभ्यास खेळाडूंच्या बाबतीत झालेत. जोसेफ प्राइस आणि जस्टिन वुल्फर्स या दोन अर्थतज्ज्ञांनी 1991 पासून 2004 पर्यंतच्या एनबीएच्या मॅचेस बघितल्या आणि रेफरींची टीम दुसऱ्या वंशाची असली की खेळाडूंवर थोडे जास्त फाउल लागतात असं त्यांना दिसलं. फरक छोटा, पण होता. 2007 मध्ये ते पेपरात छापून आलं, एनबीएने जोरात विरोध केला, पण गंमत म्हणजे त्या गवगव्यानंतरच्या सीझन्समध्ये तो फरक दिसेनासा झाला. बेसबॉलमध्येही डॅनियल हॅमरमेश आणि सोबत्यांच्या 2011 च्या अभ्यासात असंच निघालं, की अंपायर स्वतःच्या वंशाच्या पिचरला, म्हणजे बॉल टाकणाऱ्याला, किंचित झुकतं माप देतात, पण ज्या मैदानांवर बॉल मोजणारे कॅमेरे लावलेले तिथे नाही. आता विचार करा, वर्षानुवर्षं निःपक्षपातीपणाचंच ट्रेनिंग घेतलेल्या रेफरींच्या अर्ध्या सेकंदाच्या निर्णयात जर हे शिरतं, तर कसलंच ट्रेनिंग नसलेला कोच घरी बसून रेफरीला वागणुकीचे मार्क देतो त्यात किती शिरत असेल. आणि दोन्ही अभ्यासांत एक चांगली बातमी पण आहे, कोणीतरी मोजतंय हे कळलं की माणसं सुधारतात.

मग कोर्टात का जात नाहीत असं कोणी विचारलं तर, जातात, पण फार अवघड आहे. एक तर आम्ही हायस्कूलचे रेफरी नोकर नसतो, कंत्राटी माणूस असतो, मॅचमागे पैसे. 1964 च्या नागरी हक्क कायद्यातलं नोकरीसंबंधीचं जे प्रकरण आहे ते नोकरांसाठी, त्यामुळे ते बहुतेक वेळा लागू होत नाही. मग 1866 च्या जुन्या कायद्याचा आधार घ्यावा लागतो, तो करारातल्या वंशभेदाला लागतो आणि कंत्राटी माणसालाही चालतो, मुदतही चार वर्षांची आहे. पण 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वंश नसता तर निर्णय वेगळा झाला असता हे तुम्हाला सिद्ध करावं लागेल. ज्या व्यवस्थेत निर्णय एका माणसाच्या मनात होतो आणि कागदावर फक्त वागणूक असं लिहिलेलं असतं, तिथे हे सिद्ध करायचं कसं? वरच्या लेव्हलचं उदाहरण बघायचं तर एंजल हर्नांडेझ, तो ब्लॅक नाही, क्यूबात जन्मलेला, पण केस याच मुद्द्यावर होती. 2017 मध्ये त्याने मेजर लीगवर दावा लावला की क्रू चीफ आणि वर्ल्ड सिरीजच्या नेमणुकांत गोरे सोडून बाकीच्यांना डावललं जातं. 2021 मध्ये हरला, 2023 मध्ये अपीलही हरला. त्याच्या स्वतःच्या अंपायरिंगवर भरपूर टीका होती आणि त्यातली बरीच बरोबर होती असं माझं मत आहे. पण कोर्टाच्या निकालातला एक भाग मला अस्वस्थ करतो. बढत्या इतक्या थोड्या झाल्या होत्या की आकड्यांवरून भेदभाव झाला असं संख्याशास्त्राने म्हणता येत नाही, असं कोर्ट म्हणालं. गणित म्हणून ते बरोबरच आहे. पण आधीच माणसं इतकी कमी घेतलीत की त्यांची संख्या काही सिद्ध करायलाही पुरत नाही, याचं काय करायचं?

सगळीकडे सारखंच आहे असं मात्र नाही. बॉक्सिंगमध्ये झॅक क्लेटन 1952 मध्येच हेवीवेट टायटलच्या फाइटला रेफरी होता, आणि 1974 मध्ये किन्शासात अली-फोरमन फाइटला दहा अंक मोजणारा तोच. एनबीए आज खूप पुढे आहे, तिथे ब्लॅक रेफरींचा वाटा मोठा आहे, 1997 मध्ये आलेल्या पहिल्या दोन महिला रेफरींपैकी व्हायोलेट पामर ब्लॅकच. बेसबॉल मागे राहण्याचं एक मोठं कारण पैसा. कित्येक वर्षं अंपायर व्हायचं तर हिवाळ्यात फ्लोरिडातल्या खाजगी अंपायर स्कूलमध्ये स्वतःच्या खिशातून हजारो डॉलर भरून काही आठवडे राहावं लागायचं, त्यातल्या थोड्यांची निवड व्हायची, मग सात ते दहा वर्षं मायनर लीगमध्ये तुटपुंज्या पगारावर गाडी हाकत गावोगाव फिरायचं. ज्याच्या घरी मागे पैसा नाही तो पोरगा हे करणार कसं? आता लीगने फुकट कॅम्प सुरू केलेत, कॉम्प्टनला अकॅडमी आहे, हे चांगलंच आहे. एनबीएने रेफरी बऱ्याच ठिकाणांहून शोधले, खालच्या लीगमध्ये तयार केले, आणि 2015 पासून चुरशीच्या मॅचेसच्या शेवटच्या दोन मिनिटांतला प्रत्येक निर्णय बरोबर की चूक हे जाहीर करतात. रेफरी म्हणून ते वाचताना पोटात गोळा येतो, पण मी त्याच्या बाजूने आहे, कारण निर्णय मोजला जातो तेव्हा वागणुकीच्या रकान्याचं वजन कमी होतं.

आमच्या संघटनेत त्या तक्त्यानंतर तीन बदल झाले, मोठे नाहीत. कोचला वागणुकीत कमी मार्क द्यायचे असतील तर कुठल्या क्वार्टरला काय झालं हे लिहावं लागतं, नाहीतर ते मार्क धरत नाहीत. प्रत्येक रेफरीला सीझनमध्ये शहर आणि उपनगर दोन्हीकडे ठराविक मॅचेस मिळायलाच हव्यात. आणि सगळं वाटप सगळ्यांना दिसतं. पहिल्या नियमानेच उर्मट हा शब्द फॉर्मवरून जवळजवळ गायब झाला, कारण काय झालं ते लिहायला बसल्यावर लिहिण्यासारखं काही नसायचं.

मला शिकवणाऱ्या त्या कोचना ती टुर्नामेंटची मॅच शेवटी मिळाली, त्यांच्या 25 व्या सीझनला. गुडघे दुखत होते, तरी केली. मी गॅलरीत होतो, त्यांच्या बायको आणि मुलीशेजारी. अजूनही आम्ही कधीकधी एकत्र मॅच करतो आणि अजूनही हे होतं की एखादा नवीन कोच समोर येतो आणि सरळ आमच्यातल्या गोऱ्या पार्टनरशी किंवा माझ्याशी हात मिळवून विचारतो की आज प्रमुख तुम्हीच ना. पूर्वी मी हसून नाही म्हणायचो. आता मी एक पाऊल मागे सरकतो आणि म्हणतो, प्रमुख ते आहेत, त्यांच्याशी बोला, आणि तो त्यांच्याशी बोलेपर्यंत मी तोंड उघडत नाही.